फेकजाळ्याचे शिसे जुन्या बिडाच्या साच्यात कसे ओतावे

कृष्णेच्या डोहात टाकलेले फेकजाळे तळाला बसायला वेळ लावते, तेवढ्यात मासा काठाखालून निसटतो. अशा वेळी दोष सहसा सुताचा नसतो, काठाच्या शिशाचा असतो. मणी कमी पडलेले असतात, हलके-जड मिसळलेले असतात, किंवा भोकाची धार लागून दोरी कातरलेली असते आणि अर्धे मणी पाण्यातच राहिलेले असतात. बाजारात पत्रा गुंडाळून केलेले मणी मिळतात, पण त्यांच्या वजनाचा भरवसा नसतो. सांगली, मिरज, कऱ्हाडच्या भंगार दुकानांत किंवा जुन्या जाळेवाल्यांच्या अडगळीत बिडाचा दोन पाकळ्यांचा साचा कधीमधी सापडतो. तो साचा नीट असेल, तर एका सकाळी अख्ख्या जाळ्याचे सारख्या वजनाचे, दोन्ही टोकांनी गोल मणी निघतात.

एक गोष्ट मनाशी पक्की धरूनच कामाला लागावे. मणी बिघडला की नवशिका शिशाकडे बघतो, जाळ वाढवतो, आणखी कथील घालतो. खरे तर दहातल्या आठ वेळा बिघाड साच्याच्या उष्णतेत किंवा साच्याला लागलेल्या तेलात असतो. साचा सांभाळायला शिकलात की बाकीचे काम हाताला आपोआप बसते.

आधी हिशोब

जाळ्याच्या त्रिज्येमागे दर मीटरला साधारण दीड किलो शिसे धरावे. संथ, उथळ पाण्यात थोडे कमी चालते. ओढ असलेल्या पाण्यात किंवा खोल डोहात थोडे जास्त लागते. ३ मीटर त्रिज्येच्या जाळ्याला ४.५ किलो झाले. काठाची दोरी प्रत्यक्ष मोजावी, कारण हाताने विणलेल्या जाळ्याचा घेर कागदावरच्या हिशोबाशी तंतोतंत जुळत नाही. घेर १८.८ मीटर भरला आणि मणी १५ ग्रॅमचा असला, तर ३०० मणी लागतील आणि दोन मण्यांच्या मध्यांत सुमारे ६.३ सेंटिमीटर अंतर येईल.

शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमच्या मण्याचे आकारमान जेमतेम १.३ घन सेंटिमीटर. मणी १० मिमी जाड, भोक २.५ मिमी आणि टोके अर्धगोल असतील, तर लांबी २१ ते २२ मिमी येते. जुना साचा विकत घेताना ही मापे खिशात असू द्यावीत. दुकानदाराला साच्यातून किती वजनाचा मणी निघतो हे ठाऊक नसते. व्हर्नियरने साच्याचे घर, म्हणजे मण्याच्या आकाराचा खळगा, मोजले की जागेवरच हिशोब करता येतो.

टोक गोल हवे, कारण सपाट टोकाचा मणी दगडांच्या फटीत अडकतो. माहुली, कऱ्हाड किंवा हरिपूरच्या संगमाजवळ तळ खडकाळ असेल तिथे हा फरक पहिल्याच फेकीत कळतो.

साचा पारखणे

आपण बोलतोय तो साचा असा: सांडशीसारखे दोन दांडे, टोकाला बिडाच्या दोन पाकळ्या, त्यांत एका रांगेत ४ किंवा ६ घरे. सगळ्या घरांच्या मधून आडवी एक सळई जाते, तिच्यामुळे मण्याला भोक पडते. प्रत्येक घराला वरून नरसाळ्यासारखे ओतमुख असते.

पाकळ्या मिटून साचा उजेडासमोर धरावा. सांध्यातून एकसारखी बारीक रेघ दिसली तर चिंता नाही, पण एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल, तर पाकळी वाकलेली आहे किंवा बिजागरीची पिन झिजली आहे. पिन नवी बसवणे हे कुपवाडच्या एखाद्या लेथवाल्याचे पाऊण तासाचे काम आहे. पाकळी वाकलेली असेल तर मात्र साचा सोडून द्यावा. तोंडे घासून सपाट केली की घरे उथळ होतात आणि मणी चपटा निघतो.

गंज वरवरचा असेल तर साचा रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा आणि पितळी तारांच्या ब्रशने घासावा. घरांच्या आत पॉलिश पेपर किंवा पोलादी ब्रश घालू नये. तिथे पडलेला प्रत्येक ओरखडा मण्याला धरून ठेवतो. सांध्यावर केसासारख्या बारीक चरा कोरलेल्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत, घरातली हवा त्यांतूनच बाहेर पडते. काजळी आणि जुन्या शिशाने त्या बुजलेल्या असतात, लाकडी काडीने मोकळ्या कराव्यात.

सांगलीकडच्या साच्यांबाबत एक जादा खबरदारी घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तळघरे आणि दुकाने दिवसेंदिवस पाण्याखाली होती. त्या मालातला साचा किंवा शिशाचा गोळा वरून कोरडा दिसला, तरी बिजागरीत, दांड्याच्या लाकडी मुठीत, दुमडलेल्या पाइपात पाणी आणि गाळ बसलेला असू शकतो. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगते. वितळलेल्या शिशाखाली गेलेला एक थेंब सगळे भांडे अंगावर उडवायला पुरेसा असतो. मुठी काढाव्यात, साचा शेगडीच्या कडेला तासभर तापवावा, मगच त्याला कोरडा म्हणावे.

सळई मूळची हरवलेलीच असते. तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची २.४ मिमीची टिग वेल्डिंगची सळई उत्तम. ती सरळ असते, स्वस्त असते आणि शिसे तिला चिकटत नाही. तांब्याचा मुलामा असलेली साधी वेल्डिंगची सळई घेऊ नये. शिशात थोडे जरी कथील असेल, तर ते तांब्याला झाळकामासारखे (सोल्डरसारखे) धरून बसते आणि सळई मण्यांसकट फेकावी लागते.

शिसे कोणते घ्यावे

मऊ, जवळपास शुद्ध शिसे सर्वांत चांगले. जुन्या टेलिफोन केबलचे वेष्टण, पूर्वीच्या नळकामातले पाइप, एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे आणि मोडक्या जाळ्यांचे मणी ही त्याची ठिकाणे. नखाने रेघ ओढली तर उमटते, कागदावर घासले तर करडी खूण राहते, आपटले तर बद्द आवाज येतो.

गाड्यांच्या चाकांना लावायची वजने घ्यायची असतील, तर एकेक तपासून घ्यावीत. त्यांत आता लोखंडाची आणि जस्ताचीही येतात. लोखंड चुंबकाला लागते. जस्त लागत नाही, पण ते नखाला दाद देत नाही आणि खणखणीत वाजते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४१९ अंशांच्या पुढे. म्हणून भंगार गाळताना भांडे ३७० अंशांवर जाऊ दिले नाही, तर चुकून आलेले जस्त घन अवस्थेतच वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. जाळ वाढून ते विरघळले, की शिसे भिजवलेल्या रव्यासारखे गुठळीदार होते, घरे भरत नाहीत, आणि तो घाणा, म्हणजे एका वेळी वितळवलेले ते सगळे शिसे, घरच्या साधनांनी सुधारत नाही.

बॅटरीला हात लावू नये. तिच्या प्लेटांवर सल्फेट आणि आम्ल असते. त्यांतल्या आर्सेनिक, अँटिमनी आणि कॅल्शियममुळे, विशेषतः वितळताना वर येणाऱ्या मळीला ओल लागली की, जीवघेणे वायू निघू शकतात. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. दोन किलो शिशासाठी ही जोखीम कोणीही पत्करू नये.

कथील घालावे का? मऊ शिसे साच्याच्या कोपऱ्यांत शिरायला कुरकुरते. एक टक्का कथिलाने त्याचा पृष्ठताण कमी होतो आणि टोके स्वच्छ भरतात. ५ किलोला ५० ग्रॅम कथील, किंवा ६०/४० च्या (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) झाळाच्या तारेचे ८३ ग्रॅम. झाळाच्या तारेच्या पोटात राळ असेल तर धूर होतो, तेवढा सोसावा. साचा नीट तापवता येत असेल तर कथिलाशिवायही मणी चांगले पडतात आणि कथील महाग आहे. म्हणून पहिला घाणा त्याच्याविनाच करून बघावा.

मांडणी

घराबाहेर, वरून छप्पर असलेल्या पण बाजूंनी उघड्या जागी बसावे. वारा पाठीकडून यावा. लहान मुले आणि गरोदर बायका आसपास नकोत. स्वयंपाकाची शेगडी, पातेले, पळी यांतले काहीही वापरू नये, आणि या कामाला वापरलेले भांडे परत कधी स्वयंपाकघरात नेऊ नये.

भांडे जाड पोलादाचे किंवा बिडाचे, एक लिटरचे. अॅल्युमिनियमचे चालत नाही, ते तापून नरम पडते आणि या वजनाने बसते. ६ किलो शिसे अर्ध्या लिटरहून जरासेच जास्त जागा घेते. भांडे अर्धे रिकामे दिसते म्हणून कमी लेखू नये. एक लिटर भरले तर साडेदहा किलोंहून जास्त वजन होते. शेगडी रुंद पायांची, सपाट फरशीवर, कशालाही न डुगडुगणारी हवी. काँक्रीटवर थेट काम करू नये, सांडलेल्या शिशाने त्यातली ओल फुटते. खाली पत्रा आणि त्यावर कोरड्या वाळूचा थर टाकावा.

अंगावर सुती कपडे, पँट बुटांच्या वर उतरलेली, बूट चामड्याचे, हातांत चामड्याचे लांब मोजे, चेहऱ्यावर पूर्ण ढाल. नायलॉनचा शर्ट शिशाच्या थेंबाने कातडीला चिकटतो. पाण्याची बादली आणि चहाचा कप, दोन्ही दूर. तंबाखू मळणे त्या दिवशी पूर्ण बंद. शिसे श्वासापेक्षा बोटांवरूनच जास्त पोटात जाते.

तापमापक हवाच. के-प्रकारच्या थर्मोकपलचा (तारेच्या टोकाने उष्णता मोजणारा) डिजिटल मीटर पुरतो. पूर्वीचे कारागीर शिशाचा रंग बघून ओळखत, पण त्यांनी शेकडो घाणे पाहिलेले असत.

गाळणे

भंगार थेट साच्याच्या भांड्यात टाकू नये. आधी एकदा गाळून कांड्या कराव्यात. लोखंडी अँगलच्या वितभर तुकड्याला दोन्ही टोके वेल्ड केली की कांडीची पन्हळ तयार होते.

भंगार थंड भांड्यातच भरावे आणि मग शेगडी पेटवावी, म्हणजे जी ओल असेल ती वितळण्याआधीच उडून जाते. वितळल्यावर वर करडी मळी, माती, लोखंडी क्लिपा येतात. त्या झाऱ्याने काढाव्यात. मग हरभऱ्याएवढे मेण टाकून लगेच काडीने धूर पेटवून द्यावा आणि लोखंडी पळीने तळापासून ढवळावे. मेणातला कार्बन ऑक्साइडचे परत धातूत रूपांतर करतो, त्यामुळे कथील वाया जात नाही आणि वर उरते ती कोरडी, हलकी भुकटी. ती काढताना उडू देऊ नये, कारण सगळ्या कामातली सर्वांत विषारी गोष्ट तीच आहे. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा बंद ठेवावा.

विटा, खानापूर, आटपाडीकडे घरोघरी गलाईचे जाणकार आहेत. सोने-चांदी गाळताना त्यांच्या मुशीत टाकणखार (बोरॅक्स) पडतो, म्हणून इथेही टाकावासा वाटतो. पण टाकणखार ७४० अंशांच्या आसपास वितळतो. ४०० अंशांच्या शिशावर तो नुसता खरपुडी होऊन बसतो. शिवाय साध्या टाकणखारात पाणी बांधलेले असते, ते तापल्यावर उसळते. शिशाला मेण किंवा कोरडा लाकडाचा भुसा, एवढेच पुरे.

ओतणे

साच्याची आतली तोंडे आणि घरे आधी तेलमुक्त करावीत. रॉकेलने धुतलेला साचा पुन्हा साबण आणि गरम पाण्याने धुऊन, पुसून, शेगडीच्या कडेला वाळवावा. मग कापराची वडी पेटवून तिच्या काजळीवर घरे आणि सळई धरावी. कापराची काजळी अगदी बारीक आणि कोरडी असते. रॉकेलच्या चिमणीची तेलकट असते, ती नको. थर इतका पातळ हवा की खालचे बीड अंधूक दिसले पाहिजे. जाड काजळी चरा बुजवते आणि मण्यावर खड्डे पाडते.

साचा शेगडीच्या कडेला १५ ते २० मिनिटे ठेवून २०० अंशांच्या जवळ आणावा. बीड उशिरा तापते, पण एकदा तापले की धरून ठेवते. जुन्या साच्यांचा हा मोठा गुण आहे. अॅल्युमिनियमचे नवे साचे पटकन तापतात आणि तितकेच पटकन बिघडतात. ज्वाळेत थेट धरू नये, पाकळ्या वेगवेगळ्या तापून वाकतात.

भांडे ४०० अंशांवर आणावे, कथील घातले असेल तर ३८० पुरे. ४५० च्या वर जाऊ देण्यात काहीच लाभ नाही. ऑक्साइड जास्त बनते, धोका वाढतो.

सळई बसवावी, पाकळ्या घट्ट मिटाव्यात. पळी भांड्यातच ठेवून तापलेली असावी. पृष्ठभागावरची साय बाजूला सारून खालचे चकचकीत शिसे घ्यावे आणि एका संथ, न तुटणाऱ्या धारेने पहिल्या घरापासून शेवटपर्यंत ओतत जावे. प्रत्येक ओतमुखावर टिचभर ढेकूळ राहू द्यावे. गोठताना शिसे आकारमानात सुमारे साडेतीन टक्के आकसते. ती उणीव या ढेकळातून भरून निघते. कंजूषपणा केला तर मण्याच्या पाठीवर खळगा पडतो आणि वजन अर्ध्या ग्रॅमने घटते.

आता ढेकळाकडे बघत राहावे, तेच तुमचे घड्याळ. चकाकी जाऊन ते मंद झाले, की गोठले. ३ ते ५ सेकंद लागले तर साचा बरोबर तापला आहे. लगेच गोठले तर थंड, १० सेकंदांहून जास्त लागले तर फार गरम.

गोठल्यावर आणखी १० ते १५ सेकंद थांबून सळई आधी थोडी फिरवावी, मग सरळ ओढावी. इथे उशीर परवडत नाही. थंड होताना शिसे पोलादाच्या दुपटीच्या आसपास आकसते आणि सळईला आवळत जाते. मिनिटभर थांबलात तर पकडीने ओढावी लागेल, सळई वाकेल आणि पुढचे प्रत्येक भोक तिरके पडेल. उलट फार घाई केली, तर गरम शिसे ठिसूळ असते, मणी मधोमध तुटतो. चार-पाच ओतांत ही वेळ हाताला कळते.

पाकळ्या उघडून मणी कोरड्या, दुमडलेल्या सुती कापडावर पाडावेत. अडकलाच, तर बिजागरीवर लाकडी हातोडीने टिचकी मारावी. पाकळीवर किंवा घराच्या कडेवर कधीही मारू नये, आणि मणी लोखंडी अवजाराने उचकटू तर नयेच. साचा गार करायला पाण्यात बुडवला तर बीड तडकते.

पहिले १० ते १५ मणी सुरकुतलेलेच निघतात. ते बाजूला ठेवावेत, साच्याची उष्णता स्थिर होण्यासाठीच ते असतात. एकदा लय बसली की थांबू नये. मध्येच फोन घेतला की साचा निवतो आणि पुन्हा पहिल्यापासून. भांड्यात कांडी टाकायची वेळ आली, तर ती आधी कडेला तापवून चिमट्याने हळू सोडावी. पावसाळ्यात सातारा आणि पश्चिमेकडच्या पट्ट्यात उघड्यावर ठेवलेल्या कांडीवर ओल धरलेली असतेच.

मणी काय सांगतो

सुरकुत्या आणि वळ्या असतील तर साचा थंड आहे किंवा घरात तेल राहिले आहे. सलग २० ओतांनंतरही सुरकुत्या गेल्या नाहीत, तर तेलच, साचा पुन्हा धुवा. पृष्ठभाग मीठ शिंपडल्यासारखा पांढरट, खरखरीत असेल तर साचा फार तापला आहे. दर ओतामागे साचा उघडा ठेवून थोडे थांबावे. असा मणी वापरायला काही हरकत नाही, दिसायलाच मंद असतो.

टोके पूर्ण भरली नाहीत आणि अंगावर सुरकुत्याही नाहीत, तर चरा बुजल्या आहेत. सांध्यावर पापुद्रा येत असेल, तर पाकळ्यांच्या तोंडावर शिशाचा कण चिकटला आहे. तो गरम असतानाच लाकडी काडीने निघतो. पापुद्रा एकाच बाजूला येत असेल तर बिजागरी सैल झाली आहे.

पोकळी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. सोनाराच्या खिशातल्या काट्यावर ०.१ ग्रॅमपर्यंत वजन कळते. १४.५ ते १५.५ ग्रॅममधले मणी ठेवावेत, हलके परत भांड्यात. ३०० मण्यांचे वजन करणे कंटाळवाणे आहे हे खरे, पण जाळे एका बाजूला आधी बसते ते याच ठिकाणी केलेल्या आळसामुळे.

ढेकळे कापायला कटिंग प्लायर. कापलेली बाजू कानशीने सपाट करावी, भुसा कागदावर घ्यावा, फुंकर मारू नये. भोकाच्या दोन्ही तोंडांवर ६ मिमीचे ड्रिल बिट हाताने दोनदा फिरवून धार मोडावी. हे काम वगळायचे नाही. नायलॉनची दोरी धारदार भोकात महिनाभरही टिकत नाही, आणि तुटलेल्या दोरीचे मणी नदीच्या तळाशी जातात. पक्षी खडे समजून लहान शिसे गिळतात आणि मरतात. याच कारणाने ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमहून जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या गळाच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद आहे. पक्षी येणाऱ्या तलावांत शिशाऐवजी बारीक लोखंडी साखळी काठाला लावावी. लोखंड हलके असल्याने काठ जाड होतो, तेवढे चालवून घ्यावे.

आवरताना

भांडे तसेच गार होऊ द्यावे. जागा ओल्या फडक्याने पुसावी, झाडू नये. पण हे सगळे, भांड्यातला धातू पूर्ण गोठल्यावरच. हात-तोंड साबणाने धुऊन, कपडे बदलून मगच घरात जावे, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. मळीचा डबा, कानशीचा भुसा, काजळीची फडकी हा घातक कचरा आहे. तो घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये, शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडे द्यावा.

वर्षातून बऱ्याचदा ओतणाऱ्याने रक्तातले शिसे तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळले, तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवायला हवे. सुरक्षित असे कुठलेच प्रमाण नाही, आणि लहान मुलांना ते सर्वांत जास्त बाधते. घरात मूल असेल तर त्याचीही तपासणी करावी.

साचा ठेवताना शेवटचे ओत घरातच राहू द्यावे, फक्त सळई काढून घ्यावी. शिशाने भरलेल्या घराला गंज धरत नाही. बाहेरून आणि बिजागरीला तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडात गुंडाळून साचा माळ्यावर ठेवावा, पुराचे पाणी चढते त्या उंचीच्या वर. पुढच्या वेळी साचा शेगडीच्या कडेला तापवून बाहेरचे तेल उडाल्यावर तो उघडावा, जुने मणी काढून ठेवावेत आणि घरे पुन्हा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून कापरावर धरावीत.